पुरेपूर आणि पुरेसं

आमच्या तळमजल्याच्या बिऱ्हाडामागे जी मोकळी जागा आहे, तिला परसबाग म्हणायचं की नुसतंच परस, याबद्दल घरात दोन मतं आहेत. मी बाग म्हणतो. सौ. म्हणते, जिथे कपडे वाळत घालतात ते परस. जागा बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असतो, तेव्हा आमची ही इस्टेट गुंठ्याचा जेमतेम दहावा हिस्सा भरते. त्यात ड्रेनेजचं एक झाकणही आहे; पण राजेरजवाड्यांच्या मुलखातसुद्धा थोडीफार नापीक जमीन असायचीच.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, असं ते हिशेब मांडून सांगत. तोच हिशेब मी आमच्या जागेला लावून पाहिला. एका माणसाची वर्षातल्या अठरा दिवसांची सोय होते असं निघालं. राहिलेले तीनशे सत्तेचाळीस दिवस मंडईत जावं लागेल, एवढं सोडलं तर आम्ही स्वयंपूर्ण आहोत.

विनोद सोडा, पण त्या हिशेबामागचं म्हणणं मोठं मार्मिक आहे. जमीन मोजू नका, ऊन मोजा. झाडाचं अन्न शिजतं ते पानांत, आणि तिथलं सरपण म्हणजे ऊन. तेव्हा जागा कमी असली की आडवं पसरायचं सोडून उभं चढायचं. वाल, तोंडली, मायाळू भिंतीवर. पडवळ मांडवावरून खाली, टोकाला दगड बांधून, म्हणजे ते सरळ वाढतं. (मुलांच्या बाबतीत हा उपाय चालत नाही.) मोरीच्या ओलीवर अळू. पूर्वी डालड्याचे डबे असत, आता रंगाच्या रिकाम्या बादल्या; त्यांत पुदिना नि कोथिंबीर. वांग्याचं रोप अंग धरेपर्यंत त्याच्या पायाशी मेथी पेरायची. ती महिन्याभरात उपटून भाजी होते आणि मग वांगं हातपाय पसरतं. एकेकाळी गिरणगावातल्या खोल्यांत असंच चालायचं. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच वळकटीवर रात्रपाळीचा येऊन आडवा. जागा तीच, माणसं दुप्पट.

इथवर सगळं ठीक आहे. काटकसर हा आम्हा मध्यमवर्गीयांचा कुलधर्मच. पण गंमत अशी, की माणसाला एकदा ही नजर आली की त्याला रिकामं काही बघवतच नाही. कपड्यांची दोरी दिसली की वेल आठवतो. दाराची पायरी दिसली की तिच्यावर तीन बादल्या बसतील असं वाटतं. मांजर उन्हात पसरलेलं दिसलं तर त्याने किती चौरस फूट अडवलेत हे मनात येतं.

जुन्या परसात ही घाई नव्हती. काटकसर होतीच, न्हाणीचं पाणी फुकट न घालवता अळवाला आणि केळीला सोडत. पण त्याच परसात एक धुण्याचा दगड असे, पापड वाळवायला जागा असे आणि दुपारी दोन बायका तांदूळ निवडत बसतील एवढी सावली असे. तिथे काही उगवत नाही म्हणून ती जागा वाया गेली, असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आणि खरा प्रश्न तर पुढेच आहे. जमीन माझी, कुंपणाच्या आतली. ऊन कुणाचं? गेल्या दिवाळीनंतर मी वालाचा मांडव पाच फुटांवरून आठ फुटांवर न्यायचं ठरवत होतो. कागदावर पानं दीडपट दिसत होती. भिंतीपलीकडे, उत्तरेला, शेजारच्या आजी हिवाळ्यात सकाळी गुडघ्यांना ऊन देत बसतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला, सावल्या लांब. मांडव तीन फूट उंचावला की आजींचं ऊन आमच्या वालात जमा होणार.

कायदा माझ्या बाजूने आहे. सुविधाधिकाराचा १८८२ चा कायदा सांगतो, की इमारतीला मिळणारा उजेड वीस वर्षं अखंड आणि विनातक्रार मिळत आला, तर त्यावर हक्क सांगता येतो. पण तो इमारतीला. आजींचे गुडघे म्हणजे खिडकी नव्हे. मी हे सौ.ला समजावून सांगितलं. तिने वालपापडीच्या शिरा काढता काढता सगळं ऐकलं आणि म्हणाली, “वाल मंडईत मिळतो. ऊन मिळतं का?”

कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात या प्रश्नाला उत्तर नाही. मांडव पाच फुटांवरच राहिला. भाजी थोडी कमी येते. आजी भिंतीवरून विचारतात, “यंदा वाल बरा आलाय का हो?” आम्ही वाटीभर शेंगा पलीकडे देतो. त्यांना बाकी काही सांगितलेलं नाही.

तेव्हापासून ‘पुरेपूर’ आणि ‘पुरेसं’ या दोन शब्दांचा मी विचार करतो आहे. सख्खी भावंडं वाटावीत इतके सारखे, पण स्वभावाने अगदी वेगळे. पुरेपूर हे भांड्याकडे बघून ठरतं, पुरेसं हे जेवणाऱ्यांकडे बघून. आणि जेवणारे मोजताना भिंतीपलीकडचेही मोजावे लागतात, इथेच हिशेब अवघड होतो.

आमच्याकडे दाराशी आता दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा मुद्दाम मोकळा ठेवलाय. तिथे एक पाट मावतो, पाटावर एक माणूस आणि माणसाच्या हातात चहाचा कप. उत्पन्न शून्य. मात्र पुदिन्याची बादली रोज इंचभर त्या पाटाकडे सरकते आहे, असा मला संशय आहे. पुदिन्याला पाय नसतात, तेव्हा संशयाची सुई घरातच फिरते. सौ. म्हणते, ती फार लांब फिरवायची गरज नाही.