पडद्यावरचा शत्रू आणि पहिले शील

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांपैकी पुष्कळांची उत्तरे तयार असतात. घरातील देवांचे काय करावे, लग्न कोणत्या विधीने लावावे, मयतानंतर कोणते सोपस्कार सोडावेत, हे सांगणारी जाणती माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. परंतु एक प्रश्न असा आहे की तो विचारताच लोक हसण्यावारी नेतात. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, देवळी, गाव कोणतेही असो, वर्षावासात विहारात बसलेली आई विचारते, "पोरगा सकाळी पंचशील म्हणतो आणि संध्याकाळी मोबाईलवर माणसं मारतो. त्याचं शील मोडलं का? माणसं न मारता खेळता येतील असे खेळ नाहीत का?"

हा प्रश्न क्षुल्लक नाही. धम्म हा केवळ पौर्णिमेच्या वंदनेपुरता नसून तो चोवीस तासांच्या जगण्याचा आहे, असे आपण म्हणतो. मग मुलाचा जो तास त्याला सर्वांत प्रिय आहे, त्या तासाबद्दल धम्माला काही म्हणायचे नाही, असे कसे होईल?

शील मोडते काय?

पहिले शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे आहे. हिंसा घडली असे केव्हा म्हणावे, यासाठी अट्ठकथांनी पाच अंगे सांगितली आहेत. समोर जिवंत प्राणी असणे, तो जिवंत आहे ही जाणीव असणे, त्याला मारण्याची चेतना असणे, तसा प्रयत्न करणे आणि त्या प्रयत्नाने मृत्यू येणे. मोबाईलच्या पडद्यावर जिवंत प्राणी नाही आणि तेथे कोणी मरतही नाही. तेव्हा खेळणाऱ्या मुलाचे शील मोडले असे म्हणता येणार नाही. त्याला पापी ठरवून घाबरवणे हे तर आपल्या धम्मात मुळीच बसत नाही.

वस्तुस्थितीही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेऊन असे मत दिले की, हिंसक खेळांचा ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वर्तनाशी थोडाफार संबंध दिसतो. परंतु असे खेळ खेळल्यामुळे माणसे प्रत्यक्ष हिंसाचार करतात, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. खेळात बंदूक चालवणारा मुलगा उद्या खुनी होईल, ही भीती म्हणूनच निराधार आहे.

मग प्रश्न संपला काय? नाही. कारण त्या पाच अंगांमधील मधले अंग शिल्लक राहते, आणि ते म्हणजे चेतना. तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. संयुत्त निकायात एका योद्ध्याची कथा आहे. रणांगणावर झुंजताना मेलेल्या वीराला स्वर्ग मिळतो, असे आमचे आचार्य सांगतात. आपले मत काय, असे तो तथागतांना विचारतो. तथागत दोनदा उत्तर देण्याचे टाळतात. तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावर ते शस्त्राविषयी बोलत नाहीत, जय-पराजयाविषयीही बोलत नाहीत. ते चित्ताविषयी बोलतात. 'हे लोक मारले जावोत' असे ज्याला लढताना वाटत असते, त्याचे चित्त आधीच हीन अवस्थेला गेलेले असते, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत त्यांनी भेद केला. जेथे गरज नसून निव्वळ इच्छा आहे, तेथील हिंसा बुद्धांनी निषिद्ध मानली, असे ते सांगतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरात सैनिकी परंपरा आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते; महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली. सीमेवरच्या जवानापुढे गरजेचा प्रश्न असतो, कर्तव्याचा असतो. खेळात मात्र गरज असूच शकत नाही. तेथे कोणी चालून आलेले नसते, रक्षण करायला गाव नसते. उरते ती फक्त इच्छा, आणि ती पुन्हा पुन्हा घोटवून घेतली जाते. मुलाच्या चित्ताला कसली सवय लागते आहे, हा खरा प्रश्न आहे.

माणसाच्या जागी राक्षस

गंमत अशी की, हा प्रश्न खेळ बनवणाऱ्यांनाही प्रारंभापासून छळत आला आहे. १९७६ साली अमेरिकेत 'डेथ रेस' नावाचा खेळ निघाला. त्यात मोटारीखाली पळणाऱ्या आकृत्या चिरडायच्या होत्या. लोक संतापले, तेव्हा ती माणसे नसून भुते आहेत, असा खुलासा कंपनीने केला. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकाडो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. माणसांवर गोळ्या झाडण्याचे चित्र योग्य नव्हे, असे त्यांच्या कंपनीचे मत पडले, म्हणून त्यांनी परग्रहावरचे प्राणी काढले. 'कॉन्ट्रा' हा सैनिकांचा खेळ युरोपात 'प्रोबोटेक्टर' या नावाने गेला, तेव्हा माणसांच्या जागी यंत्रमानव आले. १९९८ सालच्या 'हाफ-लाइफ'च्या जर्मन आवृत्तीतही तेच झाले.

आपल्याकडे पब्जी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. ती देशाच्या सुरक्षेच्या आणि लोकांच्या माहितीच्या कारणावरून होती. नीतीचा प्रश्न तीत नव्हताच. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' म्हणून परत आला, तेव्हा रक्ताचा रंग हिरवा झाला आणि हे जग खरे नाही अशी सूचना जोडली गेली. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादाही घातली गेली.

मर्यादा चांगली आहे. माणसावर नेम धरू नये असे ज्यांना वाटले, त्यांची लाजही चांगली आहे. पण रक्त हिरवे केल्याने चेतना बदलते काय? माणसाच्या जागी भूत, यंत्र किंवा राक्षस ठेवल्याने 'मारला जावो' ही इच्छा नाहीशी होते काय?

हा प्रश्न इतरांनी सोडून दिला तर चालेल. आपल्याला सोडता येणार नाही. कारण आधी एखाद्याला माणसातून काढायचे आणि मग त्याला मारणे पुण्याचे ठरवायचे, ही युक्ती या देशात फार जुनी आहे. महाभारतातील सर्पसत्रात नाग म्हणजे अग्नीत पडणारे साप आहेत. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ज्या नागांची आठवण केली, ती माणसे होती, आपले पूर्वज होते. पुराणात बळी हा पाताळात घालायचा असुर. महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'त, १८७३ साली, तो रयतेचा न्यायी राजा झाला. आणि पुराण काहीही म्हणो, आपल्या खेड्यांतील बाया आजही 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असेच म्हणतात.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला. पळवून नेलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक धीट मुलगी त्याची नायिका आहे. आपल्या मातीतील चित्रकला आणि शिल्पकला त्यात जीव ओतून उतरवली आहे. पण तिचे शत्रू कोण? असुर, आणि त्यांच्या प्रमुखाचे नाव महाबलासुर. खेळ करणाऱ्यांच्या हेतूवर आरोप करण्याचे कारण नाही. पण ज्याने बळीची कथा ऐकली आहे, त्या मुलाने खेळताना एकदा थांबून विचारावे की, याला असुर कोणी ठरवले?

अमेरिकेच्या सैन्याने २००२ साली तरुणांना भरतीकडे वळवण्यासाठी 'अमेरिकाज आर्मी' हा खेळ काढला होता. तो २०२२ मध्ये बंद झाला. त्यात दोन्ही बाजूंचे खेळाडू स्वतःला अमेरिकन सैनिक म्हणूनच पाहत आणि समोरचा शत्रू म्हणून दिसे. म्हणजे तो समोरचाही स्वतःच्या पडद्यावर आपलाच सैनिक असे! शत्रू हा पाहण्याच्या जागेतून तयार होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते द्यावे?

पुलगाव दूर नाही

पडद्यावरचा स्फोट फुकट असतो. आपल्या जिल्ह्यात मात्र स्फोटाची किंमत ठाऊक असलेली घरे आहेत. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. अधिकारी, जवान आणि आग विझवणारे कर्मचारी प्राणास मुकले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जवळच जुना दारूगोळा नष्ट करताना पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण गेले; त्यांत आसपासच्या गावांतून रोजीवर आलेले मजूर होते. मुलाला व्याख्यान देऊ नका. त्याला एवढेच सांगा की, खेळात मेलेला पुढच्या डावात उठतो. पुलगावचे ते मजूर उठले नाहीत. हे ज्याला नीट कळले, तो स्फोटाकडे केवळ गंमत म्हणून पाहणार नाही.

मग खेळायचे काय?

'मारणे' हा शब्द ऐकून दचकण्याचे कारण नाही. लुडोत सोंगटी मारतात, बुद्धिबळात प्यादे मारतात, हुतूतूत गडी मरतो आणि पुन्हा जिवंतही होतो. बुद्धिबळ तर दोन सैन्यांचा खेळ. तरी नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा कोणालाही हिंसा आठवली नाही. कारण तेथे चित्त गुंतलेले असते ते विचारात, आणि समोरचा हा शत्रू नसून हस्तांदोलन करणारा प्रतिस्पर्धी असतो. हीच कसोटी मोबाईलच्या खेळाला लावावी.

या कसोटीला उतरणारे खेळ पुष्कळ आहेत. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी केलेला 'टेट्रिस' पाहा. पडणारे ठोकळे नीट रचायचे, बस्स. 'मॉन्युमेंट व्हॅली'त चमत्कारिक इमारतींतून वाट काढायची असते. 'माइनक्राफ्ट'मध्ये घरे, शेते, पूल बांधता येतात आणि त्यात 'पीसफुल' ही पातळी निवडली की अंगावर येणारे राक्षस येतच नाहीत. 'अंडरटेल' या २०१५ च्या खेळात समोर आलेल्या प्रत्येकाशी बोलून, समजूत घालून, एकालाही न मारता शेवटपर्यंत जाता येते. अंगुलीमालाची कथा ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याला यातील मर्म लगेच कळेल.

आणि एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. विल राइट या अमेरिकन तरुणाने १९८४ साली बेटांवर बॉम्ब टाकण्याचा एक खेळ केला. तो करत असता त्याच्या लक्षात आले की, बेटे उद्ध्वस्त करण्यापेक्षा ती वसवण्यातच आपल्याला अधिक आनंद होतो. त्यातून १९८९ साली 'सिमसिटी' हा नगर वसवण्याचा खेळ जन्मला आणि जगभर गाजला. विध्वंसातून निर्मितीकडे वळायला त्याला कोणी भाग पाडले नाही. त्याने फक्त आपला आनंद कोठे आहे, हे तपासून पाहिले.

एक इशारा मात्र हवा. ज्यात शत्रू नाही तो प्रत्येक खेळ निर्दोष नसतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाच्या धनाच्या नाशाची सहा द्वारे सांगितली, त्यांत जुगार आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आणली, पण पळवाटा शोधणारे असतातच. पत्त्यांच्या डावात रक्त नसते; घर मात्र त्यातच बुडते.

नियम नव्हे, तत्त्व

शेवटी पालकांसाठी. बाबासाहेबांनी अहिंसेला नियम न म्हणता तत्त्व म्हटले. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करून वागण्याचे स्वातंत्र्य देते. म्हणून मुलाच्या हातातून मोबाईल हिसकावू नका. हिसकावलेला खेळ तो मित्राच्या घरी खेळेल आणि वर खोटे बोलायलाही शिकेल. म्हणजे एक शील राखताना दुसरे जाईल. त्याऐवजी त्याच्या शेजारी बसा. खेळ कसा चालतो ते त्यालाच समजावून द्यायला सांगा. मग विचारा: समोरचा कोण आहे? त्याला शत्रू कोणी ठरवले? त्याच्याशी बोलता येते का? खेळ संपल्यावर तुझे मन शांत असते की पेटलेले? यांची उत्तरे मुलाने स्वतः शोधावीत आणि खेळही त्यानेच निवडावा.

या प्रश्नांची ज्याला सवय लागली, तो खेळापुरता थांबणार नाही. उद्या एखादा पुढारी कोणत्या तरी वस्तीकडे, जातीकडे, धर्माकडे बोट दाखवून 'हा शत्रू' म्हणेल, तेव्हाही तो विचारील की, याला शत्रू कोणी ठरवले? सर्व माणसे समान मानण्याची आणि प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण दीक्षेच्या वेळी घेतली. तिचा अभ्यास मुलाने विहारात करावा, शाळेत करावा, आणि संध्याकाळच्या त्या एका तासातही करावा. त्यासाठी त्याच्यासोबत अर्धा तास बसायला आजपासून सवड काढा.