उपाशी राहणे आणि उपवास



काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या धर्मग्रामात असताना, कॉलेजात शिकणारी एक मुलगी भेटायला आली. शनिवारी पार्टी असली की ती सकाळपासून काही खात नसे. दारूच्या कॅलरीज जेवणातून वजा करायच्या, असा तिचा हिशेब. वर हसून म्हणाली, "फादर, तुम्हीच तर उपवास करायला सांगता!" मला उत्तर सुचले नाही. सुचले ते दारूवरचे प्रवचन. ती ऐकून गेली, पुन्हा आली नाही.

या सवयीला अमेरिकेतील वर्तमानपत्रांतून २००८ च्या सुमारास 'ड्रंकोरेक्सिया' हे नाव मिळाले. हिशेबापुरते तिचे बरोबर होते. १ ग्रॅम मद्यार्कात ७ कॅलरीज असतात. पण रिकाम्या पोटी दारू जठरात न थांबता लहान आतड्यात जाते आणि चटकन रक्तात भिनते. शिवाय उपाशी शरीरातील साखर टिकवण्याचे यकृताचे काम ती अडवते. माणूस बेशुद्धही पडतो, आणि मित्र म्हणतात, "चढलीय, झोपू द्या." अशा वेळी झोपू देऊ नका, दवाखान्यात न्या.

ॲरिस्टॉटलने दुबळ्या मनाच्या माणसाचे वर्णन केले आहे. त्याला कळते पण वळत नाही. ही मुलगी तशी नव्हती. दिवसभर भूक मारायला निग्रह लागतो, आणि तो तिच्याकडे भरपूर होता. संत थॉमस अक्वायनस उपवासालाही विवेकाची मर्यादा घालतात. देह टिकणार नाही इतके अन्न तोडू नये, असे ते सांगतात. उपवासात मन देवासाठी मोकळे करायचे असते. येथे पोट ग्लासासाठी रिकामे ठेवले जात होते. अशा मुलीला "मनावर ताबा ठेव" सांगून काय होणार? ती आणखी एक जेवण सोडील! तिला भीती कशाची वाटते, वजनाची, आरशाची की मैत्रिणींच्या बोलण्याची, हे मी विचारलेच नाही.

आईवडिलांनो, "किती प्यालीस?" याआधी "जेवलीस का?" विचारा. खाल्लेले ओकून टाकणे किंवा रोजच उपाशी राहणे दिसले, तर तो आजार असू शकतो, डॉक्टरांकडे जा. काहीजण म्हणतील, मग फादरांनी पिण्याला परवानगीच दिली. नाही दिली. (आपल्या लग्नांतून मुलांच्या हाती ग्लास कोण देतो, हे मात्र वेगळे विचारावे लागेल.) पण भुकेल्या पोराला उपदेश ऐकू जात नाही.

ती मुलगी आज आली, तर आधी तिला जेवायला बसवीन. दारूचे नंतर बोलू.

— आपला धर्मगुरू