झिजलेला रुपया

निजामाच्या राज्यात आमच्याकडं हाली रुपया चालायचा. चांदीचा, एका बाजूला चारमिनार. साधारण सात हाली म्हणजे सहा इंग्रजी कलदार. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असतं. मीम असलं तर महबूब अली खान, ऐन असलं तर उस्मान अली खान. 1948 ला राज्य गेलं, तरी हाली काही वर्षं चालत राहिला.

आजीनं दहा रुपयांना कड्या झाळून गळ्यात घातले. अकरावा चिंधीत गुंडाळून कणगीत राहिला.

तिच्या माघारी संभाजीनगरच्या सराफ्यात एका नाणेवाल्याला दाखवले. कडीचे दहा त्यानं सरळ काट्यावर टाकले. "काका, झाळ दिलीय, चारमिनार झिजलाय. चांदीचा भाव मिळंल." चिंधीतला मात्र दोन बोटांनी कडेला धरून भिंगाखाली घेतला. "ह्याला चिंच-राख लावू नका. घासला की गेला." त्या एकाला दोन झिजक्यांएवढा भाव सांगितला.

जुनं म्हणजे महाग, हा आपला समज. तसं नसतं. तांब्याची शिवराई महाराजांच्या काळची, पण पुढं पेशवाईतही पाडत राहिले, म्हणून बाजारात चिक्कार. महाराजांचा सोन्याचा होन मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. कांदा उदंड झाला की रस्त्यावर ओततो आपण.

अडतं ते झिजण्यापाशी. दहांनी आजीच्या गळ्यात चाळीस वर्षं काढली, घाम खाल्ला. कणगीतल्यानं काहीच केलं नाही, अन् भाव त्याला. कामाच्या बैलानं उतरावं न् दावणीच्या बैलानं चढावं, असली गत. पण नाणेवालाही खोटा नव्हता. चिंधीतल्यावर मनोरा न् मनोरा दिसतो, हिजरी साल लागतं. टांकसाळीत कारागिरानं काय पाडलं, ते त्याच्यावरूनच कळतं. आजीच्या रुपयांवरून आजी तेवढी कळते, अन् ती आमच्याशिवाय कुणाला पाहिजे?

आम्ही तिघं भावंडं. वाटणी नगानं करावी का भावानं, यावर दोन दिवस गेले. धाकटीला पोराची फीस भरायची होती. तिनं चिंधीतला मागितला, संगं दोन कडीचे. मला न् थोरलीला चार-चार. हिशोबात कुणाचं कमी-जास्त झालं नाही, तरी थोरली चार दिवस बोलली नाही. पोरगं म्हणतं, दादा, कड्या कापून पॉलिश करून आणू. मी चारही ट्रंकेत ठेवले, कड्यांसकट.