आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

लातूर जिल्ह्यातल्या एका छोट्या शहरात एक गल्ली होती. गल्लीच्या तोंडाशी दगडी बांधणीचा जुना आड. घरोघर नळ आले तसा आडावरचा राबता संपला आणि लोक त्यात निर्माल्य, कचरा टाकू लागले. पण नळाला पाणी यायचं आठ-दहा दिवसांनी, तेही तासभर. म्हणून ज्याची ऐपत होती त्याने बोअर पाडला. गुरुजींना २०० फुटांवर पाणी लागलं. शेजारच्या दुकानदाराने ४५० फूट नेला आणि गुरुजींचा बोअर आटला.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर आणलं. गल्लीने ते टीव्हीवर पाहिलं. त्याच आठवड्यात दुकानदाराचा बोअर उचक्या देऊ लागला, तेव्हा त्याने पुन्हा बोअरची गाडी बोलावली. रात्रभर खडखडाट, दारादारांत पांढरी धूळ. पहाटे ६०० फुटांवर पाणी लागलं आणि दुकानदाराने पेढे वाटले.

त्या सकाळी गल्लीतल्या हातपंपावर आलेल्या आजींच्या हाताखाली दांडा हलका पडला. चाळीस हिसके मारले तरी नुसती हवा. दुपारी दुकानदाराची मोटर बंद झाली आणि संध्याकाळी हातपंपाने दोन घागरी दिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. आजींनी ही गोष्ट नगर परिषदेच्या वॉलमन मामांच्या कानावर घातली.

मामा दुकानदाराकडे गेले. "शेटजी, आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आन् खडकाच्या भेगांत. तुमचा बोअर त्याच भेगांतून गल्लीचं पाणी ओढायलाय."

महिन्याच्या आत तो बोअरही धूळ ओकू लागला. तेव्हा मामांनी सगळ्यांना आडापाशी बोलावलं. म्हणाले, "गच्चीचं पाणी या आडात सोडू. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटर पाणी होतंय."

हिशेब सगळ्यांना पटला, पण पुढे कुणीच येईना. गुरुजी म्हणाले, "मी पाणी मुरवायचं आणि ते यांच्या बोअरनं ओढायचं?" दुकानदार म्हणाला, "फायदा सगळ्यांचा, मग पाइपचा खर्च मीच का करू?" भाडेकरू म्हणाले, "आम्ही आज हितं, उद्या दुसरीकडं." मामा निरुत्तर झाले, कारण प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं होतं.

मग आजी बोलल्या. त्यांच्याकडे ना बोअर, ना गच्ची. पत्र्याची एक खोली तेवढी. "मुरलेलं पाणी कुणाचं, असं समदे विचारायलाव. उपसताना कुणी विचारलं होतं का?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने आडातला गाळ काढायला माणसं लावली. गुरुजींनी पाइपसाठी वर्गणी गोळा केली. भाडेकरूंनी आडाशेजारी गाळणखड्डा खणला. त्यात दगड, खडी आणि वाळूचे थर भरले, म्हणजे पाणी गाळून आडात उतरेल. आजींच्या पत्र्यालाही पन्हाळ लागली. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायचं आणि मोटर दिवसातून एकच तास चालवायची, असं ठरलं.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला, मांजरा धरण भरलं. पुढच्या मे महिन्यात हातपंप चालू होता, आणि गुरुजींच्या २०० फुटांच्या बोअरलाही पुन्हा पाणी आलं.

खरी परीक्षा त्यानंतर होती. पाणी दिसू लागताच माणसं सैलावली. कुणी पाइप काढून ठेवला, कुणाची मोटर दिवसभर चालू राहिली. म्हणून मामा आणि आजी दर वर्षी मृगाआधी घरोघर जातात, गच्च्या झाडून घेतात, पन्हाळी तपासतात. टंचाईत पाणी वाचवायला कुणीही तयार होतो. मुबलक पाणी असताना शिस्त पाळणं अवघड, हे त्या दोघांना ठाऊक आहे.

तात्पर्य : जमिनीवर घरांना हद्दी असतात, जमिनीखाली पाण्याला नसतात. एकाने जास्त उपसलं तर सगळ्यांचं आटतं आणि एकाने मुरवलं तर सगळ्यांना लाभतं. म्हणून दुसऱ्याची वाट न पाहता आपल्या छपराचं पाणी आधी जमिनीला द्यावं, आणि आपल्या वाट्यापुरतंच तिच्याकडून घ्यावं.