कर्मचारी गेल्यावर स्टेशन कोणाचे?

जपानमधल्या जवळपास निम्म्या रेल्वे स्टेशनांवर आज कर्मचारी नाहीत. खेड्यातल्या अशा स्टेशनात तिकीट खिडकी बंद असते, तरी व्यवहार चोख चालतो. एका डब्याची डिझेल गाडी येते, मागच्या दाराने चढायचे, दाराजवळच्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. चालकाच्या वरच्या फलकावर त्या क्रमांकाखाली भाडे दिसते. उतरताना चिठ्ठी आणि सुटे पैसे चालकाशेजारच्या पेटीत टाकून पुढच्या दाराने बाहेर पडायचे. याला जपानी माणसाचा प्रामाणिकपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण पेटी चालकाच्या नजरेसमोर असते हे विसरू नये. स्टेशनमास्तर गेला, त्याचे काम मात्र राहिले. ते चालक, प्रवासी आणि गाव यांच्यात वाटले गेले. असे स्टेशन टिकेल की नाही, हे प्रवाशांच्या संख्येइतकेच हा भार कोण उचलतो यावर ठरते, असे मला वाटते.

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचे कोबोरो पाहा. दोन बोगद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत हे स्टेशन आहे. तिथवर रस्ता जात नाही, आसपास वस्ती नाही. हिशेबाच्या वहीत त्याच्या बाजूने काहीच नव्हते आणि 2015 मध्ये जेआर होक्काइदो या तिथल्या रेल्वे कंपनीने ते बंद करायचे ठरवलेही होते. तोयोउरा या छोट्या नगराने देखभालीचा खर्च अंगावर घेतला आणि स्टेशन वाचले. उलट होक्काइदोतलेच क्यू-शिराताकी हे स्टेशन एका शाळकरी मुलीसाठी चालू ठेवल्याची गोष्ट जगभर गाजली, पण 26 मार्च 2016 रोजी, नव्या वेळापत्रकासोबत, ते बंद झाले. त्याच दिवशी होक्काइदोची शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली. जगभरच्या हळहळीतून देखभालीचे पैसे उभे राहत नाहीत.

यावर आक्षेप असा की गावाने तरी तोटा का सोसावा, बस स्वस्त पडेल. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण 1987 मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे करून खासगीकरण झाले, तेव्हाच होक्काइदोचे मार्ग तोट्यात राहणार हे सरकारला ठाऊक होते. म्हणून तर जेआर होक्काइदोला एक मोठा निधी दिला, की त्याच्या उत्पन्नातून तूट भरावी. पुढे व्याजदर कोसळले आणि ते गणित बिघडले. त्याचे खापर रिकाम्या फलाटांवर फोडणे अन्यायाचे आहे. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. 2020 मध्ये ओइता इथल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रवाशांनी स्टेशनांवरचे कर्मचारी काढल्याबद्दल तिथल्या जेआर क्यूशू या रेल्वे कंपनीला कोर्टात खेचले. मदतीसाठी आधी कळवावे लागते, म्हणजे मनात आले की निघावे ही मोकळीक त्यांना उरत नाही. इथे गावाची माया पुरत नाही. फुले लावणे, प्रतीक्षागृह झाडणे गावकरी आनंदाने करतील, पण फलाट आणि डबा यांमधल्या फटीवर फळी टाकायला माणूस हवा, आणि तो रोज, प्रत्येक गाडीला हवा. पगार वाचवला कंपनीने. तेव्हा त्या माणसाची तजवीजही तिनेच करायला हवी, आणि ती पेलत नसेल तर 1987 ची वाटणी करणाऱ्या सरकारने.