क्रम आणि मर्जी

द्यूताविषयी आपल्या परंपरेत पुष्कळ लिहिले गेले आहे. ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून अगदी अलीकडच्या नीतिपर लेखनापर्यंत जुगाऱ्याची निंदा आहे, कीव आहे, क्वचित त्याच्याविषयी एक प्रकारचे कुतूहलही आहे. परंतु फडावर बसायला मिळावे म्हणून ताटकळत उभ्या असलेल्या जुगाऱ्याचा विचार या साऱ्या लेखनात फारसा आढळत नाही. तो अजून खेळलेला नाही, म्हणून पापाचा धनी झालेला नाही. आणि हरलेलाही नाही, म्हणून सहानुभूतीला पात्र नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा उंबरठ्यावरचा मनुष्य आहे.

गोव्यात १९७६ च्या जुगारबंदी कायद्याला १९९२ आणि १९९६ मध्ये ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांतून आधी पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना व पुढे नांगरलेल्या जहाजांवरील खेळांना वाट मिळाली. मांडवीच्या पात्रातील कॅसिनो आज पणजीच्या दृश्याचाच भाग झाले आहेत. २०२० च्या फेब्रुवारीपासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना तेथे खेळण्यास मनाई आहे. खेळायला येतो तो पाहुणा. महाराष्ट्राची कथा वेगळी आहे. आपल्या विधिमंडळाने कॅसिनोंचे नियमन करणारा कायदा १९७६ मध्ये संमत केला, तो कधीही अंमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. म्हणजे एका कायद्यानेच सत्तेचाळीस वर्षे प्रतीक्षा यादीत काढली आणि शेवटी त्याचे नाव खोडले गेले.

कॅसिनोतील बहुतेक खेळांना रांग लागत नाही. रुलेटच्या चक्राभोवती दहा माणसे असोत वा पंधरा, प्रत्येकाचा सामना घराशी असतो. पोकरचे तसे नाही. तेथे खेळाडू एकमेकांशी खेळतात, घर प्रत्येक डावातील रकमेचा ठरावीक हिस्सा कापून घेते, आणि एका टेबलाभोवती नऊ-दहांहून अधिक माणसे बसू शकत नाहीत. बसलेला मनुष्य जिंकत असेल तर लोभाने उठत नाही, हरत असेल तर हट्टाने उठत नाही. म्हणून यादी करावी लागते. नाव लिहायचे, जागा रिकामी झाली की पुकारायचे. व्यवस्था म्हणून याहून साधे काही असू शकत नाही.

आणि तरीही या साध्या व्यवस्थेचेच मातेरे होते. अशा एका खोलीत काही तास काढण्याचा योग मला आला, खेळाडू म्हणून नव्हे, एका आप्ताची सोबत म्हणून. त्याचे नाव चौथे होते. पुढील दोन तासांत सात माणसे बसली, त्यांतील चौघे त्याच्यानंतर आलेली. कोणी दूरध्वनीवरून नाव लावून ठेवले होते, कोणी नेहमीचे गिऱ्हाईक होते, कोणाच्या बाबतीत चिरीमिरीचा संशय घ्यावा असे काही दिसले. विचारले की उत्तर एकच, ‘थोडं थांबा, साहेब.’ या तीन शब्दांत असभ्य असे काहीही नाही. त्यांत माहितीही नाही. किती थांबायचे, कोणामागे थांबायचे, कोणत्या नियमाने थांबायचे, यांपैकी एकाही प्रश्नाला ते स्पर्श करीत नाहीत. उलट ‘साहेब’ म्हणून गौरवलेल्या माणसाकडून प्रश्न विचारण्याचा अधिकार तेवढा काढून घेतात.

आप्त संतापला. मला त्याचे नवल वाटले, कारण हाच गृहस्थ नंतर टेबलावर बसून जवळची बरीचशी रक्कम हरला आणि त्याबद्दल त्याने एकदाही तक्रार केली नाही. पैसा गेला तो पानांनी नेला. दोन तास गेले ते मात्र कोणीतरी नेले. येथे माझ्या मते विचार करण्याजोगे काहीतरी आहे. जुगारी दैवाला स्वखुशीने शरण जातो, कारण दैवाला तोंडे पाहता येत नाहीत. पिसलेल्या पत्त्यांना कोण नेहमीचा आणि कोण नवखा हे ठाऊक नसते. दैव अन्यायी असते असे आपण सैलपणे म्हणतो, परंतु अन्यायासाठी जी निवड लागते तीच दैवाजवळ नसते. ती मर्जीजवळ असते. अनिश्चितता विकत घ्यायला आलेल्या माणसाला घराने दुसरीच एक अनिश्चितता, न मागता, दिलेली असते.

यावर गंभीर वाचकाचा आक्षेप मला ऐकू येतो. रिकामटेकड्या श्रीमंतांना जुगारासाठी तिष्ठावे लागले तर बिघडले काय? या देशात माणसे पाण्याच्या नळावर, शिधावाटप दुकानात, सरकारी रुग्णालयाच्या ओसरीवर तिष्ठतात; त्यांना सोडून याची चिंता का वाहायची? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर त्यातच आहे. रुग्णालयात क्रम हा अंतिम शब्द असूच शकत नाही. मागून आलेल्या अत्यवस्थ रुग्णाला आधी आत नेले तर रांगेतील शहाणा मनुष्य वाट करून देतो, कारण तेथे गरज ही क्रमाहून मोठी आहे. नळावर लेकुरवाळी पुढे जाते. क्रमाचा भंग आणि करुणा तेथे इतक्या मिसळलेल्या असतात की मर्जीलाही करुणेचा वेष घेता येतो. पोकरच्या टेबलावर कोणाचीच गरज दुसऱ्याहून मोठी नाही. खरे तर कोणाचीच गरज नाही. म्हणून तेथे क्रम मोडला तर त्यामागे मर्जीवाचून दुसरे काही उरत नाही. वस्तू जितकी क्षुल्लक, तितका हा दोष निखळ दिसतो.

क्रमाची प्रतिष्ठा आपल्या समाजाला उमगत नाही असे मात्र म्हणवत नाही. आषाढीला पंढरपूरची दर्शनबारी मैलोगणती लांबते. पहाटे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते शासकीय महापूजा होते, आणि तिच्यात त्यांच्यासमवेत मानाचे वारकरी म्हणून एक दांपत्य बसते, ते दर्शनाच्या रांगेतून निवडलेले असते. मला हा संकेत फार बोलका वाटतो. सत्ता रांगेबाहेरून गाभाऱ्यात येते खरी, पण शेजारी रांगेतला मनुष्य बसवल्यावाचून तिला अवघडल्यासारखे होत असावे.

द्यूताच्या प्रसंगी क्रमाचा प्रश्न आपल्या वाङ्मयात एकदाच, परंतु विलक्षण तीव्रतेने विचारला गेला आहे. सभापर्वात द्रौपदी सभेला काय विचारते? फासे खोटे होते काय, हे ती आधी विचारीत नाही. तिचा प्रश्न आहे तो आधी आणि नंतरचा: युधिष्ठिर प्रथम स्वतःला हरला की मला? तत्पूर्वी युधिष्ठिरानेही हरकत घेतली होती ती दैवाविषयी नव्हती. दुर्योधनाच्या वतीने शकुनीने खेळावे हे विषम आहे, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे पटावर कोण बसणार आणि कोणत्या क्रमाने काय घडले, हे दोन प्रश्न त्या फडावर विचारले गेले आणि दोहोंनाही उत्तर मिळाले नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रौपदीने असा कायद्याचा काथ्याकूट करायला नको होता, असे मत दिले आहे. त्यांच्या प्रखर बुद्धीविषयी पूर्ण आदर राखूनही मला ते पटत नाही. दयेची याचना केली असती तर ती मर्जीच्या राज्यातच राहिली असती. क्रम विचारून तिने सभेला मर्जीबाहेर खेचले. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगितले. ‘थोडं थांबा’ याचेच ते एक भव्य रूप आहे, असे म्हटले तर ज्येष्ठांनी रागावू नये.

घराची बाजूही ऐकली पाहिजे. नेहमीचे गिऱ्हाईक दुखावले तर टेबल मोडते. नऊ नवख्यांपेक्षा चार जाणते बसले तर डाव रंगतो आणि कापलेला हिस्साही वाढतो. व्यवसाय म्हणून यात गैर काही नाही. घराने तसे उघड लिहून टाकावे एवढेच. रेल्वेने १९९७ मध्ये तत्काळ योजना आणली, तेव्हा अधिक पैसे भरणाऱ्यास वेगळी वाट मिळाली. ते कोणाला रुचो न रुचो, दर फलकावर होता. परवाना-राज्यात स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबले आणि परकीय चलन भरणाऱ्याला ती आधी मिळे, हेही सर्वांना ठाऊक होते. पैशाने विकत घेतलेले प्राधान्य कठोर असेल, ते गूढ नसते. मर्जीला मात्र गूढतेवाचून जगता येत नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि यादी ज्याच्या खिशात तो ससा कोणालाही दाखवीत नाही.

क्रम न सांगता थांबवून ठेवणे हे सत्तेचे किती जुने शस्त्र आहे, हे पाहायचे तर मांडवी सोडून हुगळीकाठी जावे लागेल. कोलकात्याच्या दक्षिणेचे बजबज हे तेलाच्या टाक्यांचे आणि तागाच्या गिरण्यांचे गाव. बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज, रमी यांच्याबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून नावानिशी वगळले, त्यामुळे आपल्या खेळाला तेथे शंका घ्यायला जागा कमीच. पण बजबज स्मरणात आहे ते वेगळ्या कारणाने. १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाटा मारू’ हे जहाज ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात पोहोचले. मायदेशाहून थेट अखंड प्रवास करून आलेल्यांनाच प्रवेश, हा १९०८ चा नियम पुढे करून अधिकाऱ्यांनी त्यांना दोन महिने जहाजावरच अडवले. चौकशी लांबवणे हेच चौकशीचे धोरण होते. २३ जुलैला जहाज परतवले गेले; २९ सप्टेंबरला ते बजबजला लागले, प्रवाशांना सक्तीने पंजाबच्या गाडीत घालण्याचा प्रयत्न झाला, गोळीबार झाला, आणि वीसच्या आसपास प्रवासी मेले. पोकरची खोली आणि हे जहाज यांची तुलना करणे औचित्याला सोडून होईल, आणि मी ती करीत नाही. दोहोंत समान आहे ती फक्त एक कृती: समोरच्या माणसाला ‘नाही’ असे न म्हणणे. ‘नाही’ म्हटले की कारण द्यावे लागते, आणि कारणाविरुद्ध दाद मागता येते.

काही खोल्यांत आता कारकुनाच्या वहीऐवजी भिंतीवर पडदा असतो. नावे त्यावर आल्या क्रमाने झळकतात, पुकारलेला हजर नसेल तर खाली जाताना सर्वांना दिसतो. कारकुनाचे काम त्याने वाढत नाही, हलकेच होते. तरी बऱ्याच ठिकाणी अजून वहीच वापरतात, आणि ती टेबलाच्या आतल्या बाजूला, पाने कारकुनाकडे करून उघडलेली असते.