पुरोचा नकार

भाची : मावशी, अमृता प्रीतम यांच्या ‘पिंजर’ कादंबरीचा शेवट मला पचत नाही. फाळणीनंतर भाऊ न्यायला आलाय, नायिका पुरो भावजयीला त्याच्या हवाली करते आणि स्वतः मागे राहते. ज्याने पळवलं त्याच रशीदजवळ. हा गुन्ह्याला होकारच झाला.

मावशी : फाळणीच्या कितीतरी आधी ती त्याच्या घरातून निसटून आईवडिलांच्या दारात पोचली होती. त्यांनीच तिला परत धाडलं. मग निकाह झाला, हातावर ‘हमीदा’ हे नवं नाव गोंदलं गेलं, मूल झालं. तेव्हा बंद झालेलं दार आता उघडलं म्हणून तिने लगेच निघायचं?

भाची : पण पळवून नेलेल्या बायका सोडवायचं भारत-पाकिस्तानने ठरवलं नसतं, तर कितीजणी नरकात राहिल्या असत्या!

मावशी : खरंय. सुटकेचं मोल मी कमी करत नाही. पण भारताचा १९४९चा कायदा बघ. १ मार्च १९४७ नंतर घरच्यांपासून तुटलेली मुसलमान बाई दुसऱ्या कुणाकडे सापडली, की तिला ताब्यात घ्यायचं. मुलग्यांना १६ वर्षांची मर्यादा होती, बायकांना वयाची अटच नव्हती. जाणत्या बाईलाही तिची इच्छा विचारायचं बंधन नव्हतं.

भाची : आणि विचारलं असतं, तर? पळवणाऱ्याच्या घरात उभी असलेली बाई भीतीपोटीही ‘नाही’ म्हणेल.

मावशी : म्हणेल ना. पेच तोच आहे. न विचारता नेली, तर ती देशाची मालमत्ता ठरते. विचारलं, तर उत्तर तिचंच आहे का, याची खात्री नाही.

भाची : मग करायचं काय?

मावशी : ज्योतिर्मयी देवींची ‘एपार गंगा ओपार गंगा’ ही बंगाली कादंबरी घे. नोआखालीच्या दंगलीत सुतारा नावाच्या हिंदू मुलीला मुसलमान शेजाऱ्यांनी जपलं. कलकत्त्याला आपल्या माणसांत आली, तर तिथे तिचा विटाळ. गाव सुटलं, घर काही मिळालं नाही.

भाची : म्हणजे परतायची वाट आधी मोकळी हवी, तरच ‘राहते’ या शब्दाला अर्थ.

मावशी : अगदी.

भाची : तरी रशीदचा गुन्हा धुतला जात नाही.

मावशी : नाहीच जात. गुन्ह्याला गुन्हा म्हणायचं आणि पुरोच्या निर्णयाचा मानही ठेवायचा. दोन्ही एकदम पेलायला या लेखिका आपल्याला भाग पाडतात. बाईला ‘आमची’ म्हणणाऱ्या प्रत्येक देशाला माझा एकच प्रश्न आहे : तिने ‘येत नाही’ म्हटलं, तरी तिचे हक्क तुम्ही राखाल ना?